शब्द जुने, जबाबदारी नवी

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे येऊन, तुम्हाला तुमचा खरा पुढारी लाभला आहे, असे जाहीर केले. ते भाषण आज एखाद्या नटाने रंगमंचावरून पुन्हा केले, तर त्यात सत्य उरते का? आक्षेप रास्त आहे. महाराजांच्या शब्दामागे १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा होता, सनातन्यांचा रोष पत्करण्याची तयारी होती. नटाला काहीच पणाला लावावे लागत नाही.

पण सत्य वक्त्याच्या धाडसावरच अवलंबून असते, तर ते त्याच्याबरोबरच संपले असते. कीर्तनकार तुकोबांचा अभंग निरूपणाला घेतो तेव्हा तो तुकोबा होत नाही. त्या वचनाचा भार तो समोर बसलेल्यांवर सोपवतो. माणगावचे भाषणही तसेच ऐकायला हवे. अशा प्रयोगांतून केवळ विभूतिपूजा वाढते, हा दुसरा आक्षेप. टाळ्यांवरच सारे थांबले तर तो खराच ठरेल. महाराजांनी आपल्या हातातला अधिकार दुसऱ्याच्या नेतृत्वामागे उभा केला. म्हणून श्रोत्याने स्वतःला विचारावे : माझ्या हाती असलेला अधिकार मी कुणासाठी वापरतो? हा प्रश्न ज्या प्रयोगातून उभा राहतो, तोच त्या भाषणातल्या सत्याला धरून आहे.