गादी आणि पिंडदान

राजघराण्याचा वंश रक्ताने चालतो, असे आपण धरून चालतो. साताऱ्याच्या गादीचा इतिहास वाचताना ही समजूत फार वेळ टिकत नाही. थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये वारले, त्यांच्यामागे मुलगा नव्हता. त्यांच्या चुलती ताराबाईंचा नातू म्हणून रामराजाला गादीवर बसवले. पुढे १७५२ मध्ये त्याच ताराबाईंनी जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की हा माझा नातू नव्हेच. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनेच देवासमोर नाते तोडले, तरी रामराजा १७७७ मध्ये मरेपर्यंत छत्रपती राहिला. (त्याच्या शब्दाला गडाबाहेर किती किंमत होती, ही गोष्ट वेगळी.) त्यालाही मुलगा नव्हता. मग वावीच्या भोसल्यांतला मुलगा दत्तक आला, तेच दुसरे शाहू.

थोडक्यात, घराणे चालवत होता तो विधी. भाऊबंदांतला मुलगा मांडीवर घेतला, होम झाला, की तो मुलगा. बापाला पिंड देण्याचा आणि बापाची गादी चालवण्याचा, दोन्ही अधिकार एकदमच त्याच्याकडे.

युरोपातल्या घराण्यांना ही वाट मोकळी नव्हती. जर्मनीतल्या कोबुर्ग-गोथाचा ड्यूक दुसरा अर्न्स्ट १८९३ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा गादी गेली त्याच्या पुतण्याकडे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या मुलाकडे, आल्फ्रेडकडे. आल्फ्रेडचे सारे आयुष्य इंग्रजी आरमारात गेलेले. १९०० मध्ये तोही गेला; त्याचा एकुलता मुलगा आदल्याच वर्षी वारला होता. मग ड्यूक झाला सोळा वर्षांचा, इंग्लंडात जन्मलेला पुतण्या. रक्त हवे म्हटल्यावर ते असेल तिथून आणावे लागते.

इकडे साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज एप्रिल १८४८ मध्ये अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा त्यांनी भोसले कुळातल्या व्यंकोजीला दत्तक घेतले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने मात्र या एका मुलाचे दोन केले. खाजगी मालमत्तेला वारस चालेल, राज्याला नाही; राज्यासाठी सरकारची मंजुरी हवी, आणि ती मिळाली नाही. गंमत अशी की १८१९ मध्ये कंपनीने ज्या प्रतापसिंह महाराजांशी तह करून साताऱ्याचे राज्य वंशपरंपरेने दिले, ते वावीहून आलेल्या त्या दत्तकाचेच चिरंजीव. दत्तकाच्या मुलाशी तह करताना कोणाला अडचण वाटली नव्हती. मला तर डलहौसीचा हा कायदा हिशेबातून निघालेला वाटतो. सातारा खालसा झाले तर मुलूख सलग होत होता, आणि ते त्याने लपवलेही नाही.

त्याच वर्षी पटवर्धन संस्थानिकांची तासगावची शाखाही वारसाअभावी खालसा झाली. सांगलीकर बचावले. थोरले चिंतामणराव आप्पासाहेब १८५१ मध्ये वारले तेव्हा मागे धुंडिराजराव तात्यासाहेब हा तेरा वर्षांचा मुलगा होता, म्हणून प्रश्नच आला नाही. तात्यासाहेब १९०१ मध्ये वारले तेव्हा मात्र तो प्रश्न आला. पण मधल्या काळात सत्तावनचा उठाव होऊन गेला होता आणि व्हाइसरॉय कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या होत्या. त्यामुळे पटवर्धनांच्याच कुळातला एक मुलगा १९०३ मध्ये दुसरे चिंतामणराव म्हणून सांगलीच्या गादीवर बसला, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तोच राजा होता.