घेणाऱ्याचे औदार्य

अन्नदान हे श्रेष्ठ दान होय, याविषयी आपल्या समाजात कधी दुमत झाले नाही. ज्या प्रश्नांवरून आपण शतकानुशतके भांडत आलो, त्यांत भुकेल्यास जेवू घालावे की नाही, हा प्रश्न नव्हता. भांडण झाले ते निराळ्याच गोष्टीवरून: कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, कोणाच्या घरचे पाणी प्यावे. देण्याविषयी आपण एकमताचे आणि घेण्याविषयी शतखंड, असा हा प्रकार आहे. तरीही औदार्याची चर्चा आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने करतो. घेणाऱ्याच्या अंगीही औदार्य असू शकते काय, आणि दुभंगलेल्या काळात त्याचीच निकड अधिक असते काय, याचा थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

या विचारास काशीइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. नोकरीच्या निमित्ताने येथे बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसास दशाश्वमेध घाटावर फार काळ परके वाटत नाही. घाटाच्या बांधणीशी पेशव्यांचे नाव जोडलेले आहे, जवळचाच एक घाट अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो, आणि गल्लीतून आत गेले की त्यांनीच १७८० साली उभारलेले विश्वनाथाचे मंदिर लागते. त्याच्या शेजारी अन्नपूर्णा. तिचे आजचे मंदिर थोरल्या बाजीरावांनी १७२९ साली बांधविले असे मानतात. धनत्रयोदशीस तेथील सुवर्णमूर्तीचे दर्शन खुले होते, प्रसाद म्हणून लाह्या आणि नाणे मिळते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस अन्नकूट होऊन पक्वान्नांच्या राशी देवीपुढे रचल्या जातात आणि मग वाटल्या जातात. मंदिराच्या अन्नक्षेत्रात एरव्हीही पंक्ती उठत असतात. दशाश्वमेधाच्या वाटेवर खिचडीबाबांच्या मंदिरात खिचडी वाटतात. नीचीबागेतील गुरुद्वारात लंगर चालतो. तमिळ देशातील नगरत्तार व्यापाऱ्यांनी १८६३ साली स्थापिलेले छत्र आजही आपल्या यात्रेकरूंची सोय पाहते. या नगरीत कोणी उपाशी निजत नाही, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे.

परंतु या परंपरेकडे जरा निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. जुन्या काळची छत्रे पुष्कळ होती, पण ती बहुधा ज्याची त्याच्या लोकांसाठी होती. प्रांत, भाषा आणि जात पाहून पाने मांडली जात. लंगरासारखा अपवाद सोडला, तर छत्र घालणारा धनी घेणाऱ्यांच्या पंक्तीत मांडी घालून बसत नसे. यात त्याच्या दानतीला उणेपणा आणण्याचा हेतू नाही. भुकेल्याच्या पोटात गेलेला घास खराच असतो. एवढेच म्हणावयाचे की भिंत न पाडताही तिच्यावरून दान देता येते. देणारा आपल्या जागेवरून हलत नाही. केव्हा द्यावे, काय द्यावे, किती द्यावे, हे तोच ठरवितो. घेणाऱ्यास मात्र दुसऱ्याची वेळ, दुसऱ्याच्या घरची चव आणि दुसऱ्याचे हात यांवर विश्वास टाकावा लागतो. भुकेलेला हे सारे गरजेपोटी करतो. ज्याला गरज नाही, ज्याचे घर भरलेले आहे, असा मनुष्य जेव्हा आपण होऊन दुसऱ्याच्या पानावर बसतो, तेव्हा तो आपल्या मोठेपणाचा काही अंश देऊन टाकीत असतो. मी ज्यास घेणाऱ्याचे औदार्य म्हणतो ते हेच.

काशीच्या पुराणकथेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती असे दिसते. या नगरीचा धनी विश्वनाथ. परंतु अन्नपूर्णेपुढे तो हातात भिक्षापात्र घेऊन उभा आहे. जगाचा स्वामी येथे याचक आहे, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. काशीखंडातील व्यासांची कथाही अर्थपूर्ण आहे. शिष्यांसह फिरूनही भिक्षा मिळेना, तेव्हा क्रोधाने व्यास काशीला शाप देऊ लागले. तोच एका घरातील गृहिणीच्या रूपाने देवी सामोरी आली. तिने त्यांना शिष्यांसह आत नेऊन पोटभर जेवू घातले आणि मग तीर्थात राहणाऱ्याचा धर्म कोणता, असा प्रश्न केला. पुढे शंकरांनी व्यासांना काशीतून घालविले आणि ते गंगेच्या पलीकडे जाऊन राहिले. म्हणजे त्यांच्या रागाची गय झाली नाही. परंतु जाब विचारला गेला तो जेवणानंतर. आधी पान, मग प्रश्न, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्या संतांपैकी ज्यांचा काशीशी निकट संबंध आला, त्या एकनाथांनी येथेच १५७३ साली आपली भागवतावरील टीका पुरी केली. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास घेत रस्त्याने जाणाऱ्या अस्पृश्यांना नाथांनी ते अन्न वाढले, ही कथा आपणांस लहानपणापासून ठाऊक असते. चरित्रकारांनी सांगितलेली दुसरी कथा तितकीशी सांगितली जात नाही: एका महार भक्ताचे आमंत्रण स्वीकारून नाथ त्याच्या घरी जेवावयास गेले. माझ्या मते दुसरी कथा अधिक अवघड आहे. पहिलीत नाथांनी अन्न दिले. दुसरीत त्यांनी त्या गृहस्थाला यजमान होऊ दिले. ज्याला आजवर फक्त घेणेच माहीत होते, त्याला देण्याचा मान मिळाला.

हा मान किती महाग पडतो, ते १८९० साली पुण्यात दिसून आले. पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला स्वीकारून बाजूस ठेवला. पुढे वर्तमानपत्रांत नावे छापून आली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. निमंत्रितांत रानडे होते, टिळकही होते. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपले प्रायश्चित्त काशीत झाल्याचे सांगितले. या मंडळींनी त्या मिशनऱ्यांना एखादी देणगी दिली असती, तर कोणी चकार शब्द काढला नसता. दुसऱ्याच्या घरचा एक पेला मात्र समाजाला सोसला नाही.

येथे कोणी म्हणेल की एकत्र जेवल्याने जगाचे तंटे मिटतात, हा भाबडेपणा आहे. ही शंका रास्त आहे, आणि अमेरिकेच्या इतिहासात तिला आधार सापडतो. तेथील कृतज्ञतेच्या सणाचे मूळ ज्या १६२१ च्या मेजवानीत शोधतात, तीत मॅसासोइट हा मूळ रहिवाशांचा नायक सुमारे ९० माणसांसह नवागत इंग्रजांच्या पंक्तीस होता, आणि त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली होती. पुढे १६७५ साली त्याच्याच मुलाचे आणि त्या वसाहतवाल्यांचे घनघोर युद्ध झाले. १९७० पासून मूळ रहिवाशांपैकी अनेकजण तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. १८६३ साली यादवी युद्ध ऐन भरात असता लिंकनने साऱ्या राष्ट्रासाठी हा सण जाहीर केला. त्या वर्षी भाऊ भावाशी लढतच राहिले. जेवण हा न्याय नव्हे. ज्याची जमीन गेली, त्याला पंक्तीचे पान देऊन हिशेब पुरा होत नाही. तरीही लिंकनने त्याच जाहीरनाम्यात विधवा, पोरकी मुले आणि शोकाकुल माणसे यांची आठवण धरण्यास सांगितले, हे विसरता येत नाही. पंक्ती तंटा मिटवीत नाही; ज्याच्याशी तंटा आहे तोही भुकेला होणारा, थकणारा, मुलाला घास भरविणारा माणूस आहे, एवढे ती डोळ्यांपुढे ठेवते. न्यायाची बोलणी करावयास निदान इतके तरी लागते.

आपला काळही दुभंगलेला आहे. निवडणुकीच्या निकालावरून दोन भाऊ अबोला धरतात. भ्रमणध्वनीवरील कुटुंबाच्या गटातून एखादा काका रागाने निघून जातो आणि दिवाळीस येत नाही. आपण परगावी असलेले सरकारी नोकर तर नात्याच्या माणसांपासून आधीच दूर; आपले कुटुंब म्हणजे जिन्यावरचे शेजारी आणि कचेरीतील सोबती. तेथे काय दिसते? दुपारी डबे उघडतात. एकजण आपल्या डब्यातील पोळीभाजी सर्वांना आग्रहाने वाढतो, पण एका विशिष्ट सहकाऱ्याच्या डब्याला हात लावीत नाही. पोटाचे कारण सांगतो. कारण खरे कोणते, ते त्या सहकाऱ्यास पुरते कळते. दिवाळीचे ताट सर्व दारी जाते. ईदेस आलेली शेवयांची वाटी मात्र हसतमुखाने घेऊन, दार लागताच मोलकरणीच्या डब्यात ओतली जाते. आलेले भांडे रिकामे परत करू नये, ही आपली जुनी रीत. त्या रीतीप्रमाणे वाटीत साखर घालून ती परतही जाते. रीत पाळली जाते. तिचा अर्थ हरवतो.

पथ्य आणि तुच्छता यांत भेद आहे, हे मान्य करावयास हवे. शाकाहाराचे व्रत, उपवास, रोजा यांचा मान राखलाच पाहिजे, आणि चांगला यजमान तो राखतोच. व्रत पदार्थाला नकार देते, घराला देत नाही. ज्याला एखादा पदार्थ वर्ज्य आहे, त्याला त्या घरचे केळे, पाणी किंवा चहा चालू शकतो. तोही चालेनासा झाला, तर नकार जिभेचा उरला नाही, असे समजावे.

यंदाच्या दिवाळीतही आपण ताटे पाठवू, आणि पाठवावीतच. त्याबरोबर, ज्या घरी आपण आजवर फक्त ताट पाठविले, त्या घरचे आमंत्रण आले तर ते घ्यावे. मुलांनाही बरोबर न्यावे, बसावे, आग्रह झाल्यास आणखी एकदा वाढून घ्यावे. मतभेद असतील ते राहोत. त्यांवर बोलणे जेवणानंतरही होऊ शकते.