साक्ष आणि ऋण

मौखिक इतिहासाविषयी बहुधा एकच शंका घेतली जाते : स्मृती कितपत विश्वसनीय असते? ही शंका रास्त आहे. तथापि तिच्याही आधी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याची आठवण ऐकून घेणारा त्याचे काय देणे लागतो?

मुंबईच्या गिरणगावच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांनी लालबाग-परळची ही वस्ती घडविली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतील वाटा मोकळ्या जागांसाठी आणि घरांसाठी राखला. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. जमिनीसाठीच्या या लढ्याशी निगडित असलेल्या मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी सिद्ध केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास याच काळात, २००४ मध्ये, प्रसिद्ध झाला.

गिरणी कामगाराला घरावर हक्क सांगायचा, तर नोकरीचा कागद दाखवावा लागतो. पण ज्या बाईने खानावळ चालवून बिऱ्हाड नसलेल्या कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले, तिचे नाव गिरणीच्या कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. गिरणी तिच्याही श्रमावर चालली. कागदाच्या लेखी मात्र ती नाही. मौखिक इतिहास तिला बोलते करतो, तेव्हा तो इतिहासात केवळ भर घालीत नाही. शहर कोणी घडविले, या प्रश्नाचे उत्तरच बदलतो.

येथेच एक धोका संभवतो. चिमणी पडावी, तिच्या जागी उंच इमारत उभी राहावी आणि आठवणी तेवढ्या ग्रंथालयात सुरक्षित राहाव्यात, ही व्यवस्था सर्वांनाच सोयीची असते. वाचक हळहळतो आणि त्या हळहळीलाच कर्तव्यपूर्ती मानतो. परंतु सांगणाऱ्याने आपली कहाणी करुणेच्या अपेक्षेने सांगितलेली नसते. ती एका दाव्यातील साक्ष असते. साक्ष ऐकणाऱ्याने दाव्याविषयी मौन पाळणे, हा साक्षीदाराचा उपमर्द होय.

स्मृतींचे जतन न्यायाची जागा घेऊ शकत नाही. ते न्यायाची मागणी जिवंत ठेवते, आणि ऐकणाऱ्यालाही त्या मागणीत बांधून घेते.