पेणकर, रोहेकर आणि रक्ताचा पुरावा

पेणकर, वाक्रूळकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे कानावर पडली की आपल्याला ती कोकणातल्या कुठल्याही हिंदू घराण्याची वाटतात. बेने इस्राएल ज्यूंचीही ती आडनावे आहेत. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांचे वंशज आजच्या रायगडच्या गावोगावी पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ही माणसे इस्राएलमध्ये स्थायिक झाली तेव्हा मात्र तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या वंशावर शंका घेतली. बेने इस्राएल वधू-वरांची आई, आजी, पणजी जितक्या मागे जाता येईल तितके जाऊन तपासा, असा आदेश १९६२ मध्ये निघाला. आंदोलने झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने, क्नेसेटने, या समाजाला निःसंदिग्धपणे ज्यू मानले आणि मग त्या आदेशातून समाजाचे नाव गळले. मूळ प्रश्न मात्र राहिलाच. धर्म शरीरातून वारशाने येतो का?

आता या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळेल असे अनेकांना वाटते, आणि ते अगदीच निराधार नाही. प्रत्येक मूल आई-वडिलांत नसलेले, डीएनएतले साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्मते. तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात ही संख्या नगण्य. यांतले काही बदल रोग आणतात, क्वचित एखादा उपयोगी पडतो, बहुतेकांचा परिणाम शून्य. वंश शोधणाऱ्यांना हे निरुपयोगी बदलच हवे असतात, कारण निसर्ग त्यांना पुसतही नाही आणि जोपासतही नाही. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र आणि केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए अशा खुणा पिढ्यान्‌पिढ्या वाहतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकसंचाची तुलना एक्केचाळीस ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांशी केली गेली. मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वारसे त्यात भरघोस आढळले. हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. मातृवंशाच्या खुणा मात्र बहुतांशी स्थानिक आहेत, हे त्याआधीच दिसले होते.

इथे खरी पंचाईत होते. ज्यू धर्मशास्त्रात मूल आईवरून ज्यू ठरते. मग आईकडचा धागा कोकणातला निघाला म्हणजे १९६२ ची शंका खरी ठरली, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वजनदार दिसतो, पण तो धर्मशास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही. ज्यू परंपरेत धर्मात प्रवेश करता येतो. राजा दाविदाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे परक्या कुळातली, स्त्री होती. धर्म स्वीकारलेल्या स्त्रीची मुले पूर्ण ज्यू, मात्र त्या स्वीकाराने तिच्या मायटोकाँड्रियाचे एक अक्षरही बदलत नाही. एखादी स्थानिक स्त्री विधीपूर्वक समाजात आली की नुसती नांदायला आली, हे तिच्या पेशींत नोंदलेलेच नसते. शिवाय एकच धागा धरून बसणे हा इतर सर्व पूर्वजांवर अन्याय आहे. वीस पिढ्या मागे गेलो तर कोणाच्याही वंशावळीत दहा लाखांहून अधिक जागा निघतात. लहान समाजात त्याच त्या व्यक्ती अनेक जागा भरतात हे खरे, तरी एवढ्या जागांमधून आपल्यापर्यंत डीएनएचे जेमतेम दीडएक हजार तुकडे पोचतात. ज्या पूर्वजाचा तुकडाही पोचला नाही तो पूर्वज नव्हताच, असे कोण म्हणणार?

दुसरा आक्षेप वैद्यकाचा आहे आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. जातीतल्या जातीत लग्ने झाली की मोजक्या पूर्वजांकडचे दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येतात, म्हणजे रक्ताला अर्थ आहेच. आहे, नक्कीच. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक गटांपैकी ८१ गटांत हा परिणाम युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला. वधू-वरांनी तपासणी जरूर करावी. पण तो दोष लग्नाच्या कुंपणामुळे साचतो, आतल्या श्रद्धेमुळे नाही. कुंपण जातीचे असो की धर्माचे, जनुकांना फरक पडत नाही. आणि कुंपणे कशी घातली जातात हे याच समाजात दिसते. बेने इस्राएलांनी स्वतःतच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पाडले. काळे म्हणजे मिश्र संबंधांतून जन्मलेले, म्हणून त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. जनुकांत मात्र साऱ्या समाजाचाच वारसा मिश्र निघाला. वरचढपणाचा इतका कोरडा पराभव पंडितांच्या वादात सहसा होत नाही.

तरीही धर्म रक्तात शोधण्याचा मोह सुटत नाही. २०१९ मध्ये इस्राएलमध्ये, पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेल्या काही कुटुंबांना ज्यूपण सिद्ध करण्यासाठी डीएनए तपासणी सुचवली जात असल्याचे उघड झाले. तपासायचे ते मातृवंशाचे धागे, आणि तेही युरोपातल्या ज्यूंमध्ये ओळखीचे. शेमा ही ज्यू प्रार्थना म्हणणारी, सुंता आणि शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या घरात वाढलेली रोह्याची मुलगी या तपासणीत नापास होईल, आणि यांपैकी काहीच ठाऊक नसलेला एखाद्या युरोपीय ज्यू स्त्रीचा मातृवंशातला पणतू सहज पास होऊ शकेल.