चार बोटांची जागा

अक्षय्य तृतीया झाल्यावर आमच्या चिरंजिवांनी गाडी खाली बसवून घेतली. 'खाली बसवली' हा त्याचाच शब्द. ऐकून मला आधी वाटलं, कुठं चिखलात रुतली की काय! मग त्यानं मला अंगणात नेलं आणि टायर नि वरच्या पत्र्याच्या मधल्या फटीत हात घालून दाखवला. "आई, आधी इथं चार बोटं सहज जायची. आता दोन जातात. किती छान दिसतंय बघ की!"

मला काही वेगळं दिसेना. पण पोराच्या तोंडावरचा आनंद दिसत होता, म्हणून म्हटलं, "होय रे, छान दिसतंय."

तो उद्यमबागेत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. काम अर्धवट करणं त्याला जमत नाही. काही पोरं गाडीची मूळ स्प्रिंग ग्राइंडरनं कापून आखूड करतात. कापलेलं टोक जागेवर नीट बसत नाही आणि ते धोक्याचं असतं, हे त्यानंच मला सांगितलं. यानं त्याच गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा मागवल्या, सोबत नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातले, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. ते केलं नाही तर टायर आतल्या बाजूनं झिजतात म्हणे. गाडी पस्तीस मिलिमीटर खाली आली. वजन जमिनीच्या जवळ आलं की वळणावर गाडी कमी कलंडते, चोर्ला घाटात फरक कळतो, असं तो सांगत होता.

ह्यांचा विरोध कायद्याच्या बाजूनं होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ह्यांना पाठ आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात काय म्हटलं, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल कसा करता येत नाही, ते दोन दिवस जेवताना चाललं होतं. तो वाद बापलेकांचा, त्यांच्यावर सोपवते. माझ्या मनात अडकलं ते वेगळंच.

मी त्याला विचारलं होतं, "आखूड स्प्रिंग म्हणजे मऊ की कडक?" तो म्हणाला, "कडकच लागते आई. दबायला जागाच कमी उरते. मऊ ठेवली तर खड्ड्यात गाडी खाली आपटेल." हे वाक्य मी स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि बरेच दिवस ते तिथंच राहिलं.

आता त्याच्या गाडी चालवण्याबद्दल सांगते. गेली तीन वर्षं मी त्याला ओरडत होते, हळू चालव. गेल्या वर्षी खानापूर रस्त्यावर त्याच्या गाडीखाली कुत्र्याचं पिल्लू आलं. मी मागं बसले होते. तो थांबला, उतरला, आणि परत येऊन म्हणाला, "संपलं." घरी येऊन मी णमोकार म्हटला, तोही माझ्याजवळ बसला. आठ दिवस गाडी हळू चालली, मग पुन्हा पहिल्यासारखी.

गाडी खाली बसवल्यापासून मात्र हा मुलगा बदलला. आमच्या टिळकवाडीत गल्लीगल्लीत हंप आहेत. मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोल पाठीचा असावा लागतो, असं त्यानं मला सांगितलं. आमच्या गल्लीत लोकांनी घातलेत ते म्हणजे वरवंटे आडवे टाकल्यासारखे. त्यांच्यावरून हा गाडी तिरकी घालून मुंगीच्या पावलानं नेतो. पुढचा रस्ता नजरेनं चाचपत जातो. दगड, विटेचा तुकडा, उघडं झाकण, काही सुटत नाही. परवा मारुती गल्लीत रस्त्याच्या मधोमध एक कुत्री पसरली होती. ती उठेपर्यंत हा थांबला. हॉर्नसुद्धा नाही.

आपले मुनी चार हात पुढची जमीन बघत चालतात, त्याला ईर्यासमिती म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझा लेक कळत नकळत ईर्यासमिती पाळायला लागला होता, आणि त्याची गुरू होती एक आखूड स्प्रिंग!

मला हसू आलं, आणि रागही आला. एका जिवासाठी जे आठ दिवसच टिकलं, आईच्या सांगण्यावरून जे तीन वर्षांत झालं नाही, ते बंपर घासेल या भीतीनं एका दिवसात झालं. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "कुत्री वाचली ना आई? मग कारण काही का असेना."

इथं मी अडले. कुत्रीच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं खरंच होतं. पण आपल्याकडे हिशोब निराळा आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी येतो, प्राणघात नंतर. जपून चालणाऱ्या मुनींच्या पायाखाली नकळत जीव आला तरी हिंसेचा बंध नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काही आलं नाही तरी तो दोषीच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे बघायचा तो भाव. याचा भाव तर बंपरवर होता. मी मनातल्या मनात निकाल दिला: सावधपणा आहे, पण वस्तूसाठी, जिवासाठी नाही. पुण्य शून्य.

निकाल देऊन मी मोकळी झाले. आणि दशलक्षण पर्व आलं.

माझ्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. दर अष्टमीला आणि चतुर्दशीला बस्तीत जाण्याचा त्यांचा नेम. नातू गाडीनं सोडायचा, आणायचा. वैशाखापासून त्या म्हणायला लागल्या, "आता घरीच जाप करते. गुडघे धरतात." वय झालं, असं मीही धरून चाललं. उत्तम क्षमेच्या दिवशी मी बस्तीतून बाहेर पडले तर कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "अक्का, आज आज्जी नाही आल्या? चतुर्दशीला मीच आणतो की त्यांना."

मी घरी येऊन विचारलं. आधी त्या बोलेनात. मग म्हणाल्या, "अगं, ती गाडी आता फार खाली गेलीय. बसताना धपकन बसतं माणूस, आणि उठायला काही येत नाही. दोनदा त्यानं काखेत हात घालून उठवलं. आणि हंपवर कमरेत कळ येते. रिक्षा उंच आहे, दांडी धरून उतरता येतं."

"मग सांगायचं नाही का?"

"हौसेनं केलंय गं पोरानं. मी कुठं रोज बसते त्यात?"

पस्तीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटंच. पण झिजलेल्या गुडघ्याला दोन बोटं म्हणजे डोंगर. माझ्या लेकाला गाडीच्या पोटाला काडी घासली तरी ऐकू यायचं. आज्जीचं 'आई गं' ऐकू आलं नाही.

त्याला बोलायला मी उठले आणि दारातच थांबले. कारण ते मला तरी कुठं ऐकू आलं होतं? त्याच घरात, त्याच चार महिन्यांत मी पाणी गाळत होते, जिवाणी सांभाळत होते, चतुर्दशीला हिरवी भाजी घरात येऊ देत नव्हते. सूर्यास्ताच्या आधी सासूबाईंचं ताट वाढत होते. माझा नेम कुठं घासला जात नाही ना, इकडं माझं पूर्ण लक्ष. चतुर्दशीला ही बाई दुपारी दोन तास कुठं जाते, हे मी एकदाही विचारलं नाही. त्याचा सावधपणा बंपरसाठी होता, माझा नेमासाठी. मी त्याला शून्य दिलं होतं. माझ्या खात्यात काय लिहायचं?

आणि तेव्हा ते स्प्रिंगचं वाक्य मला पुन्हा आठवलं. दबायला जागा कमी असली की कडक व्हावं लागतं. आमच्या घरात प्रत्येकानं आपापली फट बुजवून सुबक करून घेतली होती. त्यानं गाडीची, मी नेमधर्माची, ह्यांनी कायद्याची. दबायचं काम एकट्या सासूबाईंकडं आलं होतं. आणि त्या मुकाट्यानं दबत होत्या, म्हणून कुणालाच धक्का कळत नव्हता.

संध्याकाळी मी लेकाला सगळं सांगितलं. ओरडले नाही, माझंही सांगितलं. तो काही बोलला नाही. अंगणात गेला, गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसला, आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न केला. दोनदा. तिसऱ्यांदा दाराला धरून उठला. घरात येऊन म्हणाला, "आज्जी, जुन्या स्प्रिंगा परत घालतो."

"माझ्यासाठी नको," सासूबाई म्हणाल्या. "मी किती दिवसांची?"

तो विषय तसाच राहिला. पण अनंत चतुर्दशीला तोच त्यांना घेऊन गेला. मीही होते. बस्तीपाशी त्यानं गाडी नेहमीच्या जागी लावली नाही. पुढं नेली, मागं घेतली, काच खाली करून रस्ता न्याहाळला, आणि जिथं रस्ता एका बाजूला उतरता आहे तिथं अशी लावली, की आज्जीचं दार उताराच्या बाजूला उघडलं. पाय टेकायची जागा खाली गेली, तेवढी सीट उंच झाली. सासूबाई त्याच्या हाताला धरून उठल्या, फारसा त्रास न होता.

मी ते बघत राहिले. जमिनीचा चढउतार ओळखायची ही नजर त्याला कुठून आली? चार महिने बंपर जपताना आली. मग मी दिलेला निकाल चुकला का? अर्धा चुकला, असं मला आता वाटतं. वस्तूसाठी शिकलेला सावधपणा खोटा नसतो, अपुरा असतो. डोळे जमिनीकडं वळले, हेही थोडं नाही. ते कुणासाठी वळायचे, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्यानं आधी आपली नजर कुठं आहे ते बघावं लागतं, एवढं मला माझ्या खात्यात लिहावं लागलं.

माळ्यावरच्या जुन्या स्प्रिंगा आता खाली आल्यात. जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. अजून बसवल्या नाहीत. मी विचारत नाही. चतुर्दशीला मात्र सासूबाईंना मी विचारते, "आज कशानं जाणार?" आणि त्या उत्तर देईपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवते.