वाट आणि बाग

मनुष्याने भूमीवर उमटविलेल्या सर्व खुणांमध्ये पायवाट ही सर्वांत विनयशील खूण होय. तिची कोणी आखणी करीत नाही, तिचे उद्घाटन होत नाही, तिच्या तोंडाशी कोणाच्या नावाची शिला बसत नाही. पुष्कळ माणसे एकाच गरजेपोटी एकाच दिशेने पुष्कळ दिवस गेली म्हणजे ती आपोआप उमटते. आणि त्यांचे जाणे थांबले म्हणजे दोन पावसाळ्यांत गवताखाली नाहीशी होते. बागेची गोष्ट निराळी. बाग कोणीतरी करतो, कोणासाठी तरी करतो. तिला कुंपण असते, दार असते आणि दाराशी माणूस असतो. चालणे दोहींकडे आहेच; परंतु वाटेवर मनुष्य हक्काने चालतो, बागेत अनुमतीने. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर, कशेळीच्या खाडीकाठी एका रविवारी सकाळी कळले. त्या प्रसंगात आमच्याकडे भूषणास्पद असे काही नव्हते. आणि म्हणूनच तो सांगणे अवश्य वाटते.

ठाण्याहून भिवंडीस जुन्या आग्रा रस्त्याने जाताना बाळकूम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. बोरघाटाच्या परिसरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण अशी गावे करीत येथवर येते, तोपर्यंत तिची खाडी झालेली असते. तिचे पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. काठाला तिवरांची झाडी, पलीकडे साष्टीच्या बाजूस येऊरचे डोंगर आणि मध्ये गढूळ, रुंद, सावकाश चाललेले पाणी, असा हा देखावा आहे. हा प्रदेश मूळचा आगरी-कोळ्यांचा; भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्यांचा. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत ज्या गंगाजी नाईकांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांचे अणजूर याच पंचक्रोशीतले. पुढे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या हाताशी, अशी ही जागा व्यापाऱ्यांच्या दृष्टीस पडली आणि भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, गोदामे राहिली. आता त्यांच्या शेजारी उंच इमारतींची गृहसंकुले आली आहेत आणि ज्या खाडीकडे गावाने पोटासाठी पाहिले, तिच्याकडे खिडकीतून पाहण्याचा भाव चौरस फुटाच्या किमतीत धरला जाऊ लागला आहे.

अशाच एका संकुलात आमचा एक जुना विद्यार्थी राहावयास आला. त्याच्या आग्रहावरून आश्विनातल्या एका रविवारी आम्ही तेथे गेलो. संकुलाच्या मागील अंगास खाडीच्या कडेने एक छोटी बाग होती; फरसबंद वाट, दोन्ही बाजूंस झाडे, ठिकठिकाणी बाके. सकाळची वेळ, भरती लागलेली, तिवरांवर बगळे. आम्ही मनापासून आनंदित झालो. शहरात आयुष्य घालविलेल्या मनुष्यास पाण्याच्या कडेने अर्धा तास निर्वेधपणे चालता यावे, हे सुख थोडे नव्हे.

परत येताना फाटकाशी एक वृद्ध उभा होता. खांद्यावर पाग, हातात टोपली. पहारेकरी त्यास मागच्या रस्त्याने जावयास सांगत होता. वृद्धाने वाद घातला नाही. बागेकडे हात करून तो एवढेच म्हणाला, "वाट हीच हाय आमची." पहारेकरीही उद्धट नव्हता, त्याला जो हुकूम होता तो तो बजावीत होता. वृद्ध क्षणभर थांबला, मग वळला आणि गोदामांच्या बाजूस चालू लागला. तेवढ्यात पहारेकऱ्याने आमच्यासाठी फाटक उघडून सलाम केला. आम्ही त्या संकुलाचे रहिवासी नव्हतो. सकाळी आत शिरतानाही आम्हांस कोणी नाव विचारले नव्हते. आमचा चष्मा आणि आमचे कपडे हाच आमचा परवाना होता. आम्ही सलाम घेतला आणि काही न बोलता बाहेर पडलो.

त्या न बोलण्याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहो. प्रश्न असा की, त्या काठावर अधिक हक्क कोणाचा? ज्याने मोल देऊन जमीन घेतली त्याचा, की ज्याच्या पावलांनी ती वाट पाडली त्याचा?

कायद्याकडे पाहिले तर त्याचे उत्तर आपण समजतो तितके एकांगी नाही. आपल्या गावनकाशांत पायमार्ग तुटक अशा एकेरी रेषेने दाखविलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. म्हणजे ज्या सरकारी कागदाने शेताची मालकी ठरते, त्याच कागदाने त्या शेतातून जाणाऱ्या पायांचीही दखल घेतली आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो की, वीस वर्षे उघडपणे, शांततेने व अखंड वहिवाटलेल्या वाटेवर हक्क उत्पन्न होतो. आणि गावाच्या रूढीने चालत आलेले हक्कही तो कायदा ओळखतो. पाण्याविषयी तर त्याहूनही जुना विचार आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे संकलन झाले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या वस्तू निसर्गतः सर्वांच्या मानल्या आहेत. हाच विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, बियास नदीच्या काठी एका हॉटेलाने केलेल्या अतिक्रमणाच्या प्रकरणात, स्वीकारला. सरकार अशा वस्तूंचे मालक नव्हे, विश्वस्त आहे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ.

परंतु कायद्याने प्रश्न सुटला असता तर तो नीतीचा प्रश्नच उरला नसता. पाणी सर्वांचे, हे कबूल करूनही पाण्यापर्यंत जाण्याची वाट बंद करता येते. आणि वाट बंद झाली म्हणजे तो 'सर्वांचे' हा शब्द शोभेपुरता उरतो. हे महाराष्ट्रास कोणी बाहेरच्याने शिकवावयास नको. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे तसे खुले केले. कागद पुरा झाला. तळ्याची वाट मात्र बंदच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह त्या रस्त्याने चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला प्रथम अर्थ आला. आणि तरीही न्यायालयाचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. महाडचा अन्याय आणि आमच्या फाटकावरची अडवणूक यांना आम्ही एका मापाने मोजीत नाही. तसे करणे म्हणजे त्या थोर लढ्याचा अवमान होईल. परंतु महाडने एक सिद्धांत शिकविला, तो येथेही लागू आहे. सार्वजनिक वस्तूची परीक्षा ती कोणाच्या नावे आहे यावरून होत नाही. सर्वांत कमी वजनाचा मनुष्य तेथवर बिनधोक पोहोचतो की नाही, यावरून होते.

आम्ही ज्या पिढीत शिकलो तिला निसर्गात भटकण्याची गोडी बव्हंशी इंग्रजी पुस्तकांनी लावली. पण त्याच इंग्लंडात १९३२ च्या एप्रिलात मँचेस्टरच्या आसपासचे काही शे कामकरी तरुण किंडर स्काउट नावाच्या माळावर मुद्दाम चढले, कारण तो माळ श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखलेला होता. त्यांपैकी पाचांना तुरुंगवास घडला. पुढे १९४९ साली आणि नंतर २००० साली तेथे चालणाऱ्यांच्या हक्काचे कायदे झाले. तेथे कामकऱ्याने आपल्या विरंगुळ्यासाठी धनिकाचे कुंपण ओलांडले. येथे आमच्या विरंगुळ्यासाठी कामकऱ्याच्या वाटेवर कुंपण पडले. आम्ही त्या पुस्तकांतून निसर्गप्रेम तेवढे उचलले. ते ज्या झगड्यातून आले तो झगडा आमच्या ध्यानी आला नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकणे अप्रामाणिकपणाचे होईल. संकुलात राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी खर्चून घर घेतले आहे. लहान मुले खेळतात, वृद्ध स्त्रिया एकट्या फिरतात. फाटक मोकळे टाकले तर चोरीची भीती आहे, कचऱ्याची भीती आहे. शिवाय बाग झाली नसती तर तेथे आणखी एखादे गोदाम उभे राहिले असते आणि मग कोणाचीच वाट उरली नसती. हे सारे खरे आहे. आमचे भांडण बागेशी नाहीच. खाडीपलीकडे कोलशेतला २०२४ साली ठाणे महापालिकेची वीस एकरांहून मोठी बाग खुली झाली. तेथे प्रवेशाला शुल्क आहे. तिकिटाची खिडकी पैसे विचारते, चेहरा विचारीत नाही. तिच्याविषयीही गरिबाच्या बाजूने बोलता येईल, परंतु ती सर्वांस एकच प्रश्न करते, एवढे खरे. आमचे भांडण त्या फाटकाशी आहे, ज्यावर प्रश्न एकास केला जातो आणि दुसऱ्यास केला जात नाही. भीती चोरीची असती तर आम्हां अनोळखी माणसांसही नाव विचारले गेले असते. आणि ज्या माणसाचा जन्म त्या काठावर गेला त्याच्यासाठी दिवस उजाडल्यावर चार हातांची वाट कडेने सोडणे ही काही दुर्घट गोष्ट नव्हे.

या वादात आणखी एक पक्षकार आहे, ज्याला वाचा नाही. ती तिवरे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरच आघात होय, असा निर्णय दिला आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरांचा पट्टा मोकळा राखण्याचे बंधन घातले. भरतीचा जोर तीच सोसतात. कोळंबी, चिंबोरी, निवट्या यांची वाढ त्यांच्याच मुळांत होते. आमच्या हौसेच्या फेरफटक्यास फरशी लागते, दिवे लागतात, बाके लागतात. त्या वृद्धाच्या वाटेस एका पावलाची रुंदी पुरत होती आणि तिच्यासाठी एकही झाड तोडावे लागले नव्हते. निसर्गावर प्रेम करतो असे म्हणणाऱ्या आम्हांस ही गोष्ट अंतर्मुख करणारी वाटली पाहिजे.

आम्हांस जो निष्कर्ष सुचतो तो साधा आहे. चालण्याचे सुख हे निर्दोष सुख आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु ते कोणाच्या वाटेवरून घेतले जाते हे विचारल्यावाचून ते निर्दोष ठरत नाही. बाग ही देणगी असू शकते. वाट ही देणगी नव्हे. आपल्या पूर्वी चाललेल्यांचे ते ऋण आहे, आणि ते मागून येणाऱ्यास वाट मोकळी ठेवूनच फेडता येते. सुशिक्षित मनुष्याची जबाबदारी येथे अधिक, कारण फाटक त्याच्यासाठी नेहमीच उघडते आणि म्हणून ते बंद असते हे त्यास दिसतच नाही. त्या सकाळी आम्ही पहारेकऱ्यास एवढे म्हणू शकलो असतो की, आम्हांसही विचार, नाहीतर त्यांनाही सोड. हे वाक्य आम्हांस घरी पोहोचल्यावर सुचले.

पुढे विद्यार्थ्यास आम्ही सर्व हकीकत लिहिली. त्याने संकुलाच्या सभेत सकाळच्या वेळी कडेची वाट गावकऱ्यांस मोकळी ठेवण्याची सूचना मांडली. तीवर अद्याप निर्णय व्हावयाचा आहे. महिन्याभराने पुन्हा तेथे गेलो तेव्हा आम्ही फाटकाकडे न वळता त्या मागच्या रस्त्याने निघालो. गोदामांच्या भिंतींमधून, मालमोटारींच्या चाकांना चुकवीत, डिझेलाच्या धुरातून चालावे लागले. शेवटी चिखलाचा एक निसरडा उतार होता, तो आम्ही हात टेकून उतरलो. घड्याळात पाहिले तो पंचवीस मिनिटे लागली होती. बागेतून तीन लागली असती. ओहोटी होती. वर कठड्याआड ते बाक दिसत होते, जेथे बसून मागच्या खेपेस आम्ही खाडीच्या शोभेची स्तुती केली होती. खाली गुडघाभर पाण्यात दोघेतिघे पाग टाकीत होते. त्यांत तो वृद्ध होता की नाही, हे इतक्या दुरून ओळखता आले नाही.