पूर्णय्याची शिल्लक

२९ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली फौजेसह औरंगाबादेत पोहोचला, तेव्हा अहमदनगरपासून इकडचा मुलूख होळकरी स्वाऱ्यांनी आणि दुष्काळाने खंक झाला होता. दाणा नाही, वैरण नाही. तरी महिना उलटायच्या आत, २३ सप्टेंबरला, त्याने असईला शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफांवर चाल केली आणि लढाई मारली. असई आज जालना जिल्ह्यात आहे. या लढाईच्या गप्पांत तोफा येतात, कवायती पलटणी येतात. बैल मात्र कोणी काढत नाही. खुद्द वेलस्लीने लिहून ठेवले आहे की चांगले बैल, ते नीट हाकणारे आणि त्यांची निगा राखणारे नसतील तर फौज झपाट्याने हलत नाही. हे शहाणपण त्याला म्हैसुरात मिळाले होते, आणि तिथे रसदेची सारी सूत्रे होती दिवाण पूर्णय्याच्या हाती.

हा पूर्णय्या मुळात पेढीवरचा कारकून. जन्म १७४६चा, माध्व ब्राह्मणाचा पोर. बाप लवकर गेला, म्हणून वाण्याच्या दुकानी हिशेब लिहायला बसला. पुढे तो अन्नदान शेट्टीकडे आला. या शेट्टीचा माल म्हैसूरच्या हैदर अलीच्या दरबारी जाई. मालाबरोबर हिशेब जाई, हिशेबाबरोबर हा पोरगा. हैदरला लिहिता-वाचता येत नव्हते, पण माणूस बरोबर पारखता येई. त्याने पोराला उचलले आणि सरकारी खात्यात बसवले.

डिसेंबर १७८२. चित्तूरजवळच्या छावणीत हैदर वारला. मुलगा टिपू दूर मलबारात. बातमी फुटली असती तर फौजही फुटली असती. पूर्णय्या आणि त्याचा सहकारी कृष्णराव यांनी प्रेत पेटीत घातले आणि खजिना निघावा तशा बंदोबस्तात कोलारकडे रवाना केले. छावणीचे रोजचे व्यवहार जसेच्या तसे चालू ठेवले. टिपू येऊन पोहोचला तोवर गादी शाबूत होती. मला वाटते, हे धाडस दरबाऱ्याचे नव्हे, पेढीवर मुरलेल्या माणसाचे. मालक गेला तरी सकाळी दुकानाची फळी निघाली पाहिजे, हे त्याच्या अंगात भिनलेले होते.

मात्र मालक कोण, हा प्रश्न त्याने फारसा घातलेला दिसत नाही. ४ मे १७९९ला श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. इंग्रजांनी जुन्या राजघराण्यातल्या पाच वर्षांच्या कृष्णराज वडियाराला गादीवर बसवले, आणि दिवाण झाला तो पूर्णय्याच. चार वर्षांनी तुंगभद्रेकाठच्या हरिहराहून वेलस्ली पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याच्यामागे म्हैसूरचे धान्य होते, बैल होते, घोडदळही होते. तीच फौज पुढे असईला मराठ्यांवर पडली. मराठी वाचकाला हे बोचते, आणि बोचावेही. पण आपल्या बाजूला रसदेचा असा हिशेबनीस कुठे होता, हेही विचारायला हवे.

१८०७ साली त्याला येळंदूरची जहागीर मिळाली. खजिन्यात त्याने दोन कोटींहून जास्त शिल्लक पाडली. रयतेला पिळून, असे म्हणणारेही आहेत. पण त्याच्यावरचा मोठा ठपका वेगळाच आहे. राजा वाढत होता, त्याला कारभार शिकवायचा राहूनच गेला. वह्या पूर्णय्याच्या, किल्ल्या पूर्णय्याच्या. राजा वयात आला तरी याच्या हातून त्या सुखासुखी सुटेनात. अखेर १८११मध्ये तो पायउतार झाला आणि पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणातच वारला.

सतरा वर्षांच्या राजाच्या हाती भरलेला खजिना आला. दाने, इनामे, समारंभ सुरू झाले. काही वर्षांत शिल्लक संपली, कर्ज चढले, वसुलीचा जाच वाढला आणि १८३०मध्ये म्हैसूरच्याच नगर प्रांतातली रयत उठली. १८३१ साली कंपनीने कारभार काढून घेतला. कृष्णराज त्यानंतर ३७ वर्षे जगला, राज्य परत मागत राहिला. ते १८८१मध्ये मिळाले, त्याच्या दत्तक मुलाला.